घुमणारी पेटी

“फार घुमून राहिली हो ही,” काका म्हणाले. “मोकळी सोडली ना तुम्ही, म्हणून.”

मी दाराशी चपला काढत होते. एक काढून झाली होती, दुसरी अजून पायात होती. मी तशीच थांबले.

“दोन दिवस माझ्याही लक्षात येतंय,” आतून बाबांचा आवाज आला. “आधी वाटलं, आपल्यालाच उगाच भास होतोय. पण नाही, घुमतेच. वरवर काही करून उपयोग नाही आता. हिचा आतूनच बंदोबस्त करायला हवा.”

“मग काय तर! चारी बाजूंनी आवळा चांगली. तुम्ही ना मॅनेजरसाहेब, सगळंच लाडानं ठेवता.”

बाबा हसले नाहीत. काहीतरी ठोकल्याचा आवाज आला. टेबलावर बोटं आपटली असतील असं मला वाटलं. मग ते म्हणाले, “उद्या बघतोच हिच्याकडे.”

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. मूळचे मिरजेचे. मी चार वर्षांची असताना त्यांची जयपूरला बदली झाली. पुढे आणखी बदल्या झाल्या, पण आई आणि मी माझ्या शाळेसाठी इथेच राहिलो, आणि शेवटी बाबाही इथेच परत आले. काका समोरच्या फ्लॅटमधले. ते नागपूरचे, विम्याच्या ऑफिसात होते. दोघांनाही दुपारची झोप लागत नाही, त्यामुळे रोज चारच्या सुमाराला काका आमच्याकडे येतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत बाबा जे काही करत असतील त्यातल्या चुका काढतात.

माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी. मराठी फक्त घरात, आणि घरातही मी फार बोलत नाही. त्यामुळे माझं मराठी थोड्याशा वाक्यांवर भागतं. काकांचं नागपुरी मराठी तर मला लहानपणापासून हिंदीसारखंच ऐकू येतं. ‘करून राहिले’ म्हणजे कर रहे हैं. ‘जाऊन राहिली’ म्हणजे जा रही है. तेव्हा ‘घुमून राहिली’ म्हणजे घूम रही है, यात मला शंका घ्यावीशी सुद्धा वाटली नाही.

मुलगी फार फिरतेय. मोकळी सोडली म्हणून.

आणि मी खरंच फिरत होते. मी दुसरी चप्पल काढली, दोन्ही हातात घेतल्या आणि बैठकीच्या खोलीत न डोकावता माझ्या खोलीत गेले.

गोपालपुऱ्यात बाबांनी मला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घातलं होतं. त्या रस्त्यावर एकेका इमारतीला इतक्या क्लासच्या पाट्या आहेत की खिडक्या शोधाव्या लागतात. क्लास पाचला सुटतो. मी साडेपाचला घरी असायला हवी. गेले काही आठवडे मी साडेसात-आठला येत होते, आणि कोणी विचारलं तर “लायब्ररी” एवढंच सांगत होते. खोटं म्हणण्यासारखं नाही, कारण जिथे जात होते तिथेही पुस्तकं होती.

झालं होतं ते असं. क्लासमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमचा एक दिवस घसा बसला होता. त्यांनी बोट दाखवून मला उतारा वाचायला सांगितला. मी मान वर न करता तो वाचला. क्लास सुटल्यावर त्या म्हणाल्या, “रुको. तुम बोलती तो हो नहीं, मगर पढ़ती बड़ा साफ़ हो.” त्या लहान गावांतल्या मुलांसाठी इंग्रजीचे धडे रेकॉर्ड करत होत्या, मोबाईलवर ऐकता येतील असे. वाचणारं कोणीतरी हवं होतं.

मी नाही म्हणणार होते. मी बहुतेक गोष्टींना नाहीच म्हणते. पण त्यांनी मला आधी खोली दाखवली.

क्लासच्या इमारतीच्या गच्चीवरची ती छोटी खोली एके काळी सामानाची होती. आता तिच्या चारी भिंतींवर रजया टांगलेल्या होत्या, आपल्या नेहमीच्या, सांगानेरी छपाईच्या फुलांच्या. छताला एक, जमिनीवर दोन. मधोमध खुर्ची आणि माइक. पंखा बंद केला की खोलीत कापसासारखी शांतता व्हायची. मी पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले, कारण मी नेहमी थांबते. काही झालं नाही. शब्द तोंडातून गेला आणि गेला. परत आला नाही.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला भाषण करायचं होतं. आईनं पाठ करून घेतलेलं. मी माइकसमोर पहिलं वाक्य म्हटलं, आणि हॉलच्या मागच्या भिंतीकडून तेच वाक्य जरा उशिरानं, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात परत आलं. मला वाटलं, मागे बसलेलं कोणीतरी माझी नक्कल करतंय. मी त्याचं संपायची वाट पाहिली. मग पुढचं वाक्य आठवेना. शेवटी कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मी खाली उतरले. तेव्हापासून चार माणसांत तोंड उघडलं की मी आधी तो परत येणारा आवाज शोधते. तो नसला तरी त्याच्यासाठी थांबते, आणि तोवर लोकांनी विषय बदललेला असतो.

रजयांच्या त्या खोलीत मी पहिल्याच दिवशी तासभर न थांबता वाचलं.

आता मॅडम म्हणत होत्या की पुढच्या महिन्यापासून पूर्ण वेळ ये, सगळा अभ्यासक्रम तूच वाच. सोमवारी हो की नाही ते सांग. हो म्हणायचं तर बँकेची परीक्षा सोडायची. हे बाबांना सांगायला हवं होतं, आणि बाबा कडक असते तर ते सोपं गेलं असतं. पण बाबा कडक नाहीत. मी अभ्यासाला बसले की ते आवाज न करता चहाचा कप आणून ठेवतात. काउंटरच्या मागे बसल्यावर पहिला ग्राहक येतो तेव्हा काय वाटतं, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितलंय, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की मी नुसती मान हलवते.

तो शुक्रवार होता. सोमवार तीन दिवसांवर आला होता, आणि मी दारातच ते वाक्य ऐकलं होतं.

जेवताना बाबा कुठेतरी हरवल्यासारखे होते. पोळीचा तुकडा हातात धरून ते समोरच्या कपाटाकडे बघत होते.

“उद्या शनिवार,” ते म्हणाले. “क्लास नाही ना तुला?”

“नाही.”

“मग कुठे जाऊ नकोस. काम आहे तुझ्याशी.”

“जे काय करायचं ते गच्चीत न्या हं,” आई म्हणाली. “मला घरात धिंगाणा नकोय.”

आईलाही माहीत आहे. काकांनाही माहीत आहे. मला सोडून सगळ्यांचं बोलून झालंय. मी खोलीत जाऊन मनातल्या मनात वाक्यं जुळवायला घेतली. इंग्रजीत ती छान जुळली, जणू कोणी दुसरीच बोलत होती. मराठीत आणली की प्रत्येक वाक्य ‘मतलब’पाशी येऊन अडायचं. बाबा, मतलब, मी काही वाईट नाही करत. बाबा, मतलब, तुम्ही समजताय तसं नाही.

सकाळी मी गच्चीत गेले तेव्हा ऊन नुकतं पसरलं होतं. आमची गच्ची स्वयंपाकघराला लागूनच आहे. दिवाळी होऊन गेली होती आणि आईनं थंडीसाठी पेटाऱ्यातून काढलेल्या रजया कठड्यावर उन्हाला टाकल्या होत्या. त्यांच्यामध्ये मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलावर, बाबा बसले होते, आणि त्यांच्या समोर पाटावर एक लाकडी पेटी होती, गुडघ्याएवढी उंच. पुढच्या बाजूला एक मोठं गोल भोक, त्याच्या खाली एक छोटं, नळी बसवलेलं.

बाबा स्पीकर करतायत हे मला माहीत होतं, म्हणजे प्लायवूडचे तुकडे आणि फेविकॉलचा डबा महिनाभर माझ्या पायात येत होते. एक पेटी काकांच्या गॅरेजमध्ये वाळत होती, एक आमच्याकडे. पण मी स्वतःच्या फिरण्यात इतकी गुंतले होते की त्यात लक्ष घातलं नव्हतं.

“ये. बस,” बाबा म्हणाले. “हे ऐक आधी.” त्यांनी बोटांच्या पेरांनी पेटीच्या कुशीवर टकटक केलं. आतून ढब्ब असा आवाज निघाला आणि जरा रेंगाळला. “घुमते की नाही?”

“कोण?”

“कोण म्हणजे? पेटी. काल काकांनाही ऐकवली. आत मोकळी राहिलीये ना. भिंतींना आतून काहीतरी लावावं लागेल.”

मी दुसऱ्या मोड्यावर बसायच्या ऐवजी सरळ फरशीवर बसले.

“काय झालं गं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “घुमते. खूप घुमते.”

मग मला हसू आलं, आणि ते थांबेना. मी रजईत तोंड घालून हसले. रजईला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी इतका वेळ हसलेली त्यांनी पाहिली नसावी. कारण काय ते त्यांनी विचारलं नाही, फक्त तेही हसायला लागले आणि त्यांनी पेटीवर पुन्हा एकदा टकटक केलं, जणू काही तिनंच विनोद केला होता.

“आमच्या मिरजेत गंमत उलटी,” ते मग म्हणाले. “तिथे पोकळ वस्तू चांगली घुमावी म्हणून माणसं जन्म घालवतात. तंबोऱ्याचा भोपळा कसा वाळवायचा, कुठे कापायचा, त्यावरून भांडणं व्हायची आमच्या आळीत. आणि इथे पेटीनं स्वतःचं काहीही बोलायचं नाही. तारेतून जे आलं ते बाहेर सोडायचं आणि आपण गप्प बसायचं. तेवढं काम तिला जमत नाहीये.”

माझ्याशी असलेलं काम म्हणजे पेटी धरायची आणि मोबाईलवर काहीतरी लावायचं. बाबांनी मोठ्या भोकात स्पीकर बसवला, तारा जोडल्या. गाणं नको म्हणाले. “गाण्यात सगळं लपतं. बोलण्यात नाही लपत. नुसतं बोलणारं माणूस लाव, मागे संगीत नको. तुझ्या क्लासचं काही असेल ना?”

क्लासचं होतं. माझ्या मोबाईलमध्ये नुसतं बोलणारं एकच माणूस होतं.

मी यादीत बोट वरखाली करत राहिले. दुसरं काही शोधता आलं असतं. पण रात्रभर इतकी घाबरले होते आणि त्यातून इतकी अचानक सुटले होते की माझ्या अंगात थोडा आगाऊपणा आला होता. मी एक धडा लावला. बागेत विसरलेल्या छत्रीची गोष्ट, सहावीच्या मुलांसाठी.

पेटी बोलायला लागली. आवाज माझा होता आणि माझा नव्हता. रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसा. काही शब्द एकदम फुगायचे, काही नाकातून यायचे.

“बघ,” बाबा म्हणाले. “बाई चांगली वाचतेय बिचारी, पण रांजणातून. कोण आहे?”

“आहेत एक,” मी म्हटलं.

पेटीला आतून लावायला बाबांनी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या एका दुकानातून नमदा आणला होता, दाबून केलेलं जाड लोकरीचं कापड, इथे बसायला घालतात ते. तो आम्ही मापानं कापून आतल्या बाजूंना चिकटवला. पण मधली पोकळी भरायला कापूस हवा होता, आणि बाबांचा डोळा कठड्यावर होता.

“माझ्या रजयांना हात लावायचा नाही,” आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. तिची पाठ होती आमच्याकडे, तरी तिला कळलं.

“एक गं. एवढ्या आहेत.”

“एवढ्या आहेत म्हणून स्पीकरला पांघरूण? विकतचा आणा कापूस.”

“या रजयांसारखा नाही मिळत. हलका असतो हा, मोकळा असतो. कोंबलेला कापूस नको मला.”

जरा वेळ आतून फक्त लाटण्याचा आवाज आला. मग आई हात पुसत बाहेर आली, कठड्याच्या टोकाला गेली आणि सगळ्यात छोटी रजई काढून तिनं माझ्या मांडीवर टाकली. गुलाबी, कडेनं विरलेली. आम्ही जयपूरला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्यासाठी घेतलेली.

“ही घ्या. हिला आता ती पुरत नाही. पाय बाहेर राहतात.”

आईनं अभ्रा उसवून दिला. बाबा आणि मी कापूस हातानं पिंजत बसलो. इतक्या वर्षांत त्याच्या गाठी झाल्या होत्या. एकेक गाठ चिमटीत धरून मोकळी करायची, मग ती फुलते, मग पुढची. बाबांच्या भुवयांवर कापूस बसला होता. ऊन पाठीवर येत होतं. खाली भाजीवाला भैया ओरडत गेला. मला वाटलं, आता सांगावं. हात कामात आहेत, कोणी कोणाकडे बघत नाहीये. मी तोंड उघडलं.

“बाबा, मतलब…”

“अरे वा!” गच्चीच्या दारात काका उभे होते, हातात शेंगांची पुडी. “मॅनेजरसाहेब, स्पीकर करून राहिले का गादी?”

बाबांनी बँकेत आयुष्यभर जे केलं तेच पेटीतही केलं. फॉर्मातली असो की पेटीतली, जागा रिकामी ठेवायची नाही. पिंजलेला सगळा कापूस त्यांनी आत घातला, हातानं दाबून आणखी घातला, आणि राहिलेला खालच्या नळीच्या तोंडापर्यंत नेऊन भरला. काकांनी शेंगा सोलता सोलता दोनदा “बस झालं ना जी” म्हटलं. बाबांनी ऐकलं नाही. स्पीकर परत बसवला. मी छत्रीची गोष्ट पुन्हा लावली.

आता रांजण नव्हता. पण बाईही नव्हती. कोणीतरी तोंडावर उशी धरून बोलतंय असं वाटत होतं.

“घ्या!” काका खूश झाले. “आधी घुमत होती, आता पार घुमी झाली.”

“घुमी म्हणजे?” मी विचारलं. “फिरणारी?”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“फिरणारी?” बाबा म्हणाले. “फिरणारी कशी? घुमी म्हणजे जी बोलत नाही. मनात सगळं असतं, पण तोंडातून शब्द काढत नाही.”

“म्हणजे तू, बेटा,” काका म्हणाले आणि मला शेंगदाणे देऊ केले.

मी ते घेतले. मला राग आला नाही. शब्द नवा होता आणि मला अगदी मापात बसत होता, त्यात रागावण्यासारखं काय. “मग घुमते म्हणजे काय?”

“घुमते म्हणजे,” बाबांनी हवेत बोट गोल फिरवलं, “आवाज बाहेर पडायच्या ऐवजी आतल्या आत फिरत राहतो. या भिंतीवरून त्या भिंतीवर. सारखा परत येतो.”

म्हणजे माझा हिंदी अर्थ अगदीच चुकला नव्हता. कोणीतरी फिरत होतंच.

“तुला काय वाटलं होतं?” काकांनी विचारलं.

“काही नाही.”

“पाहा. घुमी.”

“असू दे हो, विमेवाले,” बाबा म्हणाले. “ती बोलते. तिला वेळ लागतो एवढंच.” हे त्यांनी पेटीचे स्क्रू काढता काढता म्हटलं, माझ्याकडे न बघता. मी शेंगदाण्याची सालं गोळा करत राहिले.

आई चहा घेऊन आली, तिनं उघड्या पेटीत वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “असा का भरतात कापूस? आठ दिवसांत सगळा तळाशी बसेल. रजईला टाके कशासाठी घालतात? आणि हे खालचं भोक कशाला बुजवलंय? श्वास कुठून घेऊ देणार हिला?”

बाबांनी नळीकडे पाहिलं. मग काकांकडे. काकांनी लगेच चहाचा कप तोंडाला लावला.

“नळीसमोर मोकळी जागा हवी,” बाबा हळूच म्हणाले. “स्पीकर कसा करायचा त्या व्हिडिओत सांगितलं होतं तसं.”

नंतरचा कारभार आईच्या हातात गेला. तिनं तिची एक जुनी मलमलची ओढणी फाडली. आम्ही कापसाचे पातळ थर करून दिले, ती ओढणीत गुंडाळून लांब टाके घालत गेली, छोट्या रजईसारखेच. अशा तीन गाद्या झाल्या. एक मागच्या बाजूला, दोन वरच्या भागात, नळीच्या वाटेत काही नाही. बराच कापूस उरला. तो आईनं पिशवीत भरून ठेवून दिला, दुसऱ्या पेटीसाठी.

दुपारी आम्ही पेटी आत आणली आणि बैठकीच्या खोलीत स्टुलावर ठेवली. आई स्वयंपाकघरात गेली. काका सोफ्यावर, बाबा खुर्चीत, मी जमिनीवर मोबाईल घेऊन. मला आता घाई नव्हती. सकाळपासून इतक्या वेळा सुटका झाली होती की आजचा दिवस असाच गेला तरी चालेल असं वाटत होतं. सोमवार दूर वाटत होता. मी गोष्ट लावली.

खोलीत एक मुलगी बोलायला लागली.

रांजण नाही, उशी नाही. छत्री बागेतल्या बाकावर राहिली, असं ती सांगत होती, आणि ‘बेंच’च्या आधी तिनं घेतलेला छोटा श्वाससुद्धा ऐकू येत होता. रजयांच्या खोलीत मी तो श्वास घेतला होता, हे मलाही माहीत नव्हतं. काकांनी शेंग सोलायची थांबवली. बाबा पुढे वाकले. त्यांनी हात पेटीवर ठेवला, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि पेटी शांत होती. बोलत होती फक्त ती.

“वा,” बाबा म्हणाले. “आता पेटी नाहीच. बाई इथे येऊन बसलीये.” जरा वेळानं म्हणाले, “कोणी का असेना, हिला मी दिवसभर ऐकेन.”

“साफ बोलते पोरगी,” काका म्हणाले. “शिकवते का कुठे?”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “कोणाशी बोलतेयस गं एवढी? आणि इंग्रजीत काय?”

“अगं, ती नाही बोलत,” बाबांनी मोठ्यांदा सांगितलं. “स्पीकर आहे. मोबाईलवरची कोणीतरी बाई आहे.”

आई पदराला हात पुसत दारात आली. “काहीतरीच. मला हिचा आवाज कळत नाही होय? लहानपणी झोपेत बोलायची तेव्हा अशीच बोलायची, एकही शब्द न अडखळता.”

पेटीतली मी छत्री शोधायला परत निघाले होते. बाबांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पेटीकडे. त्यांच्या भुवईवर अजून कापसाचा एक धागा होता.

“ही कोण आहे?” त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा होता, चहा ठेवताना “साखर पुरेशी आहे ना” विचारतात तसा.

मी मोबाईलवर बोट ठेवून गोष्ट थांबवली. सवयीनं मी थांबले, भिंतीकडून काही परत येतंय का ते पाहायला. काही येत नव्हतं. सोफा होता, पडदे होते, आई होती, काका होते, आणि सगळे ऐकत होते.

“मीच आहे ती, बाबा,” मी म्हटलं. “मतलब… मतलब नाही. मीच आहे. मला बँकेची परीक्षा नाही द्यायची. मला हे वाचायचंय.”